घरचं ‘बेबी’ हे नाव आता ऑफिसातही सगळे वापरतात, खटकतं. कसं थांबवू?

आधी कोण म्हणतंय ते बघा. म्हापशाच्या बाजारात मासेवाली ‘बाय’ म्हणते ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीलाच; ते सोडून द्या. मावशी-आत्यांचं ‘बेबी’ आता सुटणार नाही, आणि सोडवूही नये. गोव्यात अशी नावं चिकटतातच. राजकारणी अतानासियो मोन्सेरात म्हटलं तर कितीजण ओळखतील? बाबूश म्हणा, सगळ्यांना कळतं.

खटकते ती ओळखीआधीची सलगी. म्हणून ऑफिसात लवकर बोला. जिथून नाव फुटलं (बहुधा गाववाला सहकारी) त्याला एकट्याला गाठा: “घरी बेबी, इथे सुनीता म्हण.” एवढंच. कारणं देत बसलात की चेष्टा सुरू होते. हसत सांगितलंत तर लाडिकपणा वाटतो. पुन्हा तोंडातून गेलं तर तिथल्या तिथे ‘सुनीता’ म्हणा, दर वेळी. एकदा टोकलं, एकदा सोडलं, असं केलंत तर सवय मोडत नाही. व्हॉट्सअॅपवरचं स्वतःचं नावही बदला, तेच बरेचदा राहून जातं.

साहेब ‘डार्लिंग’, ‘स्वीटी’ म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. नकोसं, लैंगिक रोखाचं बोलणं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बसतं. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच; त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी टिपून ठेवा.