आधी टीव्हीच्या मागे डोकावा, मग कॉम्प्युटर घ्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी अकरावीत, अभ्यास आणि थोडं कोडिंग, बजेट १८ हजार. घरात ३२ इंची टीव्ही आणि भावाने दिलेला १७ इंची चौकोनी मॉनिटर. दुकानदार 'आय-७, १६ जीबी' असा असेंबल्ड संच १४ हजारांत देतोय. आणि तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपला एचडीएमआय-व्हीजीए केबल लावून पाहिली तर मॉनिटरवर काहीच दिसत नाही, म्हणजे मॉनिटर गेला का?

मॉनिटर बहुधा धडधाकट आहे, केबलच बिनकामाची आहे. निळ्या तोंडाचं, १५ पिनांचं व्हीजीए हे १९८७ सालचं, त्यातून अ‍ॅनालॉग सिग्नल जातो. एचडीएमआयमधून जातं ते डिजिटल. मध्ये एक चिप बसून भाषांतर करत नाही तोवर या दोघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. बाजारात मात्र एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए आणि मध्ये नुसत्या तारा अशा केबली सर्रास मिळतात. त्या न घेता अंगठ्याएवढा अडॅप्टर घ्या, ज्याला व्हीजीएची केबल खोचायला जागा असते. दुकानातच लॅपटॉपला लावून बघा. आणि दिशा नीट सांगा: 'कॉम्प्युटरकडून एचडीएमआय, स्क्रीनकडे व्हीजीए'. उलट्या दिशेचा अडॅप्टर दिसायला जवळजवळ तसाच असतो, पण तुमच्या कामाचा नाही.

आता तो आय-७, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर. नुसतं आय-७ म्हणजे काहीच नाही, पुढचा आकडा विचारा. २६०० असेल तर दुसरी पिढी, ३७७० असेल तर तिसरी. म्हणजे २०११-१२ चा माल. वर नवा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे, आत त्याच काळातला एच-६१ चा मदरबोर्ड. नव्या नऊवारीत जुनीच बाहुली! विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने ११ टाकून देणारे आहेत, पण मुलीच्या अभ्यासाच्या मशीनवर असले प्रयोग कशाला?

माझं मत विचाराल तर ऑफिसांतून निघालेला छोटा डबा-कॉम्प्युटर घ्या: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी किंवा एचपीचा मिनी. जाडजूड डिक्शनरीएवढा असतो. आय-५ ८५०० टी हा प्रोसेसर मिळाला तर उत्तम; सहा कोअर, आणि चिपचं रेटिंग ३५ वॅटचं. घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, गावाकडे हा मोठा फायदा आहे. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान साठवण). हार्ड डिस्कवाला फुकट दिला तरी आधी एसएसडी बसवून घ्या. नवा, स्वस्त, सेलेरॉन हा मंद प्रोसेसर आणि ४ जीबीवाला लॅपटॉप मात्र घेऊ नका, वर्षभरात वैताग येतो.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवाल्या मॉडेलचाही मोह होतो. कीबोर्डातच कॉम्प्युटर, टीव्हीला जोडा की सुरू. (ऐंशीच्या दशकात स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर असाच टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला लावत.) कोडिंगला झकास, पण त्यावर चालतं लिनक्स. कॉलेजने विंडोजचंच सॉफ्टवेअर मागितलं तर अडाल. शिवाय त्याला मायक्रो-एचडीएमआय लागते, ती घरात कुणाकडेच नसते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा तुमच्या गावातल्या दुकानात, पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का. एसएसडीची तब्येत कशी आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर ती टक्क्यांत दाखवतं. आणि पॉवरचा अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का. डेलच्या पिनच्या मधोमध एक बारीक काडी असते, तिच्यातून मशीन अडॅप्टर ओळखतं. भलताच अडॅप्टर लावला तर सुरू होताना इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. मग लोक म्हणतात, 'रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त केलेला) माल स्लोच असतो'.

या डब्यांच्या पाठीमागे एचडीएमआय एखादंच असतं, कधी नसतंच. असतं ते डिस्प्लेपोर्ट (थोडक्यात डीपी), एक कोपरा तिरका कापलेलं. घाबरू नका. यातल्या बहुतेक डिस्प्लेपोर्टांतून कॉम्प्युटर स्वतःच एचडीएमआयचाही सिग्नल सोडू शकतो, त्यामुळे टीव्हीसाठी साधी डीपी-एचडीएमआय केबल पुरते. पण हा रस्ता एकेरी आहे. तीच केबल उलटी करून लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरवर चित्र आणू म्हणाल तर येणार नाही.

दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली केबल घ्यायची वेळ आली तर अगदी स्वस्तातली नको. मी एकदा घेतली होती. मशीन बंद केलं तरी त्याचा दिवा मंद जळत राहायचा आणि सकाळी चालू होताना नखरे. एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, बदलायला निघालो होतो! दोष निघाला केबलचा: विसावी पिन. तिच्यावर ३.३ व्होल्टचा पुरवठा असतो, तो अडॅप्टरसारख्या वस्तूंसाठी. नियमाप्रमाणे साध्या केबलमध्ये ही पिन जोडायचीच नसते. माझ्या केबलवाल्याने जोडली होती, त्यामुळे मॉनिटर मागच्या दाराने कॉम्प्युटरला वीज पाजत होता. केबल बदलली, आजार गेला.

एचडीएमआयच्या केबलवर मात्र जास्त पैसे घालवू नका. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२.१' लिहिलेलं असेल तर उलट जपून. केबलला आवृत्तीचा आकडा लावायचाच नसतो. हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड ही खरी नावं. तुमच्या टीव्हीला दीड-दोन मीटरची साधी हाय स्पीड पुरे. सोन्याच्या मुलाम्याने चित्र उजळत नाही.

आणि अभ्यास टीव्हीवर नको, त्या चौकोनी मॉनिटरवरच करू द्या. ३२ इंची टीव्ही 'एचडी रेडी' असेल तर पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८ ठिपके, म्हणजे इंचाला ४९ च्या आसपास. १७ इंची मॉनिटरवर १२८० × १०२४ धरले तर इंचाला ९६. दोन फुटांवरून वाचताना जुना मॉनिटरच जिंकतो. अक्षरं थरथरली तर त्याचं 'ऑटो' बटण एकदा दाबा. व्हीजीएतून आवाज येत नाही हे लक्षात ठेवा. हेडफोन थेट डब्याला लावा.

टीव्ही ठेवा लेक्चरांसाठी. डब्याला दोन पोर्ट असले तर दोन्ही पडदे एकदम चालतात. टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या गेल्या, टास्कबार दिसेनासा झाला, तर कॉम्प्युटरच्या सेटिंगशी झटापट न करता टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. इनपुटचं नाव 'पीसी' करता येत असेल तर तेही करा, काही टीव्हींवर अक्षरं लगेच सुधारतात.

दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या पाठीचा आणि मॉनिटरच्या खालच्या पट्टीचा फोटो इथे टाका. डब्याचं मॉडेल ठरलं की कुठली केबल नि कुठला अडॅप्टर ते नेमकं सांगतो. चौदा हजारवाल्याला तूर्त 'घरी विचारून कळवते' म्हणा.