बटणावरचा मुकुट काय सांगतो? हवाई दलाच्या जुन्या गणवेशांविषयी प्रश्नोत्तरे

माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचा निळसर-करड्या लोकरीचा कोट सापडला. बटणांवर मुकुट आहे, बाहीवर पंख्यासारखं चिन्ह. ते दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते का? (नौपाडा, ठाणे)

वैमानिक नसावेत. दोन पात्यांचा प्रोपेलर ही लीडिंग एअरक्राफ्ट्समन या हवाई दलातल्या कनिष्ठ हुद्द्याची खूण. वैमानिकाचे पंख छातीवर, डाव्या खिशाच्या वर शिवलेले असतात.

मुकुटावरून मात्र घाईने महायुद्ध ठरवू नका. हवाई दल १९३२ साली स्थापन झालं, १९४५ मध्ये त्याला ‘रॉयल’ हे बिरुद मिळालं आणि ते गेलं २६ जानेवारी १९५० रोजी. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही सव्वादोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटिश राजाचा मुकुट होताच. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवणारं हवाई दलही ‘रॉयल’च होतं. तुमचा कोट काश्मीरच्या त्या लढाईच्या काळातलाही असू शकतो.

खरा पुरावा खिशावरच्या पदकांच्या फितींत मिळेल. मधोमध रुंद तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ दिसली, तर तो बर्मा स्टार, म्हणजे महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीचं पदक. ब्रह्मदेशाच्या उकाड्यात लोकरीचा कोट कोणी घालत नसे, तिथे खाकी किंवा हिरवे सुती कपडे असत. त्यामुळे कोट पाहून ‘ते आघाडीवर नव्हतेच’ असाही निष्कर्ष काढू नका.

वडील १९७१ मध्ये हवाई दलात फिटर होते. नातेवाईक म्हणतात, ते कुठे लढले? त्यांचा गणवेश जपण्याजोगा आहे का? (ऐरोली)

नक्कीच आहे, आणि नातेवाइकांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने बॉम्ब टाकले ते आपल्या विमानतळांवर, आणि तिथेच हे फिटर, आर्मरर (विमानांवर शस्त्रं चढवणारे) काम करत होते. १४ डिसेंबरला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों श्रीनगरहून नॅट हे लढाऊ विमान घेऊन झेपावले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ते नॅट उड्डाणासाठी सज्ज ठेवणारे हात जमिनीवरच्याच माणसांचे होते.

वडिलांची पदकं काढून सगळ्या बाजूंनी भिंगाखाली पाहा. भारतीय पदकांवर बहुधा सेवाक्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. १९७१ च्या युद्धाच्या पदकांपैकी कोणतं मिळालं, पूर्वी स्टार (पूर्व आघाडी), पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडी) की संग्राम मेडल, यावरून पुढचा शोध सुरू होतो. सेवाक्रमांक हाती आला की दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधल्या हवाई दल अभिलेख कार्यालयाला लिहा. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही पत्रव्यवहाराबाबत विचारता येईल.

बटणं ब्रासोने चमकवून, कोट ड्रायक्लीन करून हॉलमध्ये फ्रेम करायचा आहे. (वाशी)

कृपया यातलं काहीच करू नका. ब्रासोने बटणावरची नक्षी झिजते, ड्रायक्लीनिंगमध्ये जुनी लोकर आणि फितींचे रंग टिकतील याचा भरवसा नाही, आणि हॉलच्या उजेडात फिती विटतात. फ्रेममध्ये कोट ज्यांचा, त्यांचा फोटो लावा.

खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी आणि कसर हे दोन शत्रू. कोट मऊ ब्रशने हलकेच झटका, खिसे तपासा (चिठ्ठ्या, पास सापडतात), धुतलेल्या बिनकांजीच्या मलमलीत सैल गुंडाळून आडवा ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या, आणि शिवणी, कॉलरखालची बाजू उलटून पाहा. कसर तिथेच आधी लागते.