लेहचा पर्यटक आणि याक, दोघांचेही ‘अनुकूलन’?

प्रश्न असा आहे: एका विज्ञानलेखाच्या अनुवादात ‘लेहला पोचल्यावर पर्यटकाच्या शरीराचे दोन-तीन दिवसांत अनुकूलन होते’ आणि ‘याकचे उंचीशी अनुकूलन झालेले आहे’ अशी दोन वाक्ये आली आहेत. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

माझ्या मते चालवू नये. या दोन घटना मुळातच वेगळ्या आहेत आणि पहिलीसाठी मराठीत चांगला रुळलेला शब्द आहे.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांशावर येतो, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजन कमी मिळतो. विमानातून उतरलेल्या माणसाचा श्वास आपोआप वाढतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्ताची आम्लता घटते, आणि मग मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा आम्लता कमी करणारा घटक लघवीवाटे टाकून तोल सावरतात. यात काही दिवस जातात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात, आणि माणूस खाली परतला की सारे हळूहळू पूर्ववत होते.

याला आपण ‘हवा मानवणे’ म्हणतो. ‘तिला देशावरची हवा मानवली’ या वाक्यात कर्ता हवा आहे, माणूस नाही. ‘पाणी बाधले’ची घडणही तशीच. शरीराला कर्ता करायचे असेल तर ‘सरावणे’ घ्यावे: शरीर विरळ हवेला सरावते.

याकची गोष्ट निराळी. साधी गाय फार उंचावर नेली तर कमी ऑक्सिजनमुळे तिच्या फुप्फुसांतल्या धमन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि ती दगावूही शकते. याकच्या धमन्या पातळ भित्तीच्या असतात आणि फारशा आकसत नाहीत. हे त्याला सरावाने आलेले नाही. पिढ्यानपिढ्या ज्या जनावरांत हा गुण होता ती जगली, त्यांची पिल्ले वाढली. इथे ‘अनुकूलन’ नेमके बसते.

अडखळायला झाले तर मी दोन प्रश्न विचारतो: खाली आल्यावर हा बदल जातो का, आणि पोरांत उतरतो का? तिबेटी लोकांत एका जनुकाचे असे रूप आढळते की उंचावर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन फारसे वाढत नाही, त्यामुळे रक्त दाट होण्याचा त्रास टळतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. तिथे सखल प्रदेशात जन्मलेल्या मुलांकडेही हे रूप वारशाने येऊ शकते. लेहला जाऊन आलेल्या पुणेकराच्या मुलांना मात्र त्या सहलीतून वाढीव तांबड्या पेशी मिळत नाहीत.

गोंधळाचे एक कारण खुद्द शब्दात आहे. ‘कूल’ म्हणजे काठ, म्हणून ‘अनुकूल’ म्हणजे काठाला धरून जाणारे आणि ‘प्रतिकूल’ म्हणजे त्याच्या उलट. कोण कोणाला धरून गेले, हे हा शब्द सांगत नाही. ‘वातानुकूलन’ पाहा: तिथे हवा माणसाला अनुकूल केली जाते, तर जीवशास्त्रातल्या अनुकूलनात जीव परिसराला अनुकूल होतो. मला हा शब्द म्हणूनच आवडतो, पण वाक्यात दोन्ही बाजू स्पष्ट लिहाव्या लागतात.

‘उंटाने वाळवंटाशी जुळवून घेतले’ हे वाक्यही सर्रास दिसते. ‘जुळवून घेणे’त इच्छा आहे, तडजोड आहे. सासरी माणूस जुळवून घेतो. तहानलेला उंट दिवसा शरीराचे तापमान ४० अंशांपर्यंत चढू देतो, रात्री ते ३४ अंशांपर्यंत उतरते, आणि घामावाटे जाणारे पाणी वाचते. हे त्याने ठरवून केलेले नाही. ‘उंटाचे शरीर वाळवंटाला अनुकूल घडले आहे’ असे म्हणावे.

तेव्हा तुमची वाक्ये मी अशी लिहीन: ‘लेहची विरळ हवा मानवायला पर्यटकाला दोन-तीन दिवस लागतात.’ ‘याकचे शरीर पिढ्यानपिढ्यांच्या अनुकूलनातून उंचीसाठी घडले आहे.’