ड जीवनसत्त्वाने ल्युकेमियाच्या पेशी खरोखर परिपक्व होतात का?

आपण विचारले आहे की ड जीवनसत्त्वामुळे ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी परिपक्व होतात या म्हणण्यात तथ्य किती, आणि काकांना एएमएलचे (वेगाने वाढणाऱ्या एका प्रकारच्या ल्युकेमियाचे) निदान झाले असताना त्याच्या पुड्या सुरू कराव्यात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याखेरीज, नाही असे आहे. या दोन उत्तरांची गल्लत आमच्या घरात झाली होती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी नांदेडला जीवरसायनशास्त्र शिकवते. विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेत एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशींवर काम केले होते. या गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी वाढद्रवात तरंगत राहतात आणि फक्त विभाजित होत राहतात. त्यांना कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे शरीरात तयार होणारे क्रियाशील रूप, दिले की काही दिवसांत त्यांचे विभाजन मंदावते आणि त्या, ज्या बशीत वाढवलेल्या असतात, तिच्या तळाला चिकटू लागतात. मग त्यांना डिवचून एनबीटी हे फिकट पिवळे द्रव्य दिले की पेशीच्या आत निळेकाळे कण उमटतात, कारण जंतू मारण्यासाठी लागणारा प्राणवायूचा मारा करण्याची जी ताकद अपक्व पेशीत नसते ती आता आलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली तो निळा रंग पाहिल्याचा आनंद मी तेव्हा घरात सर्वांना सांगितला होता आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

हे घडते ते असे. कॅल्सिट्रायॉल पेशीतील व्हीडीआर या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन बसते, तो आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवतो आणि ही जोडी डीएनएवरील ठरावीक जागा धरून मोनोसाइटच्या (एका प्रकारच्या प्रौढ पांढऱ्या पेशीच्या) वाटेवरील जनुके चालू करते. मोनोसाइटची ओळख असलेले सीडी१४ हे प्रथिन पेशीवर दिसू लागते आणि विभाजनाला लगाम घालणारी यंत्रणाही जागी होते. जपानमधील तात्सुओ सुदा यांच्या गटाने उंदराच्या ल्युकेमिया पेशींवर हा परिणाम १९८१ साली प्रसिद्ध केला. मात्र अशी पेशी निरोगी झाली असे समजू नये, कारण तिच्यातील जनुकीय बिघाड तसाच असतो. ती फक्त प्रौढ पेशीसारखी वागू लागते आणि तिची बेसुमार वाढ थांबते.

आता आमच्या दाजींविषयी. ते गेवराई तालुक्यातले शेतकरी होते. संभाजीनगरला अस्थिमज्जेची तपासणी होऊन एएमएल निश्चित झाला आणि डॉक्टरांनी किमोथेरपी लगेच सुरू करण्यास सांगितले. पैशांची जुळवाजुळव करण्यासाठी दाजी गावी परतले, तेव्हा माझ्या थोरल्या चुलतभावाने, ज्याचे तालुक्याच्या गावी मेडिकलचे दुकान आहे, सर्वांना पटवले की किमोने माणूस खचतो, त्याआधी ड जीवनसत्त्व देऊन पाहू. एरवी आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची पुडी दाजींना रोज दुधातून दिली गेली, जोडीला ६ लाख युनिटची इंजेक्शने आणि कॅल्शियमच्या गोळ्या. डॉक्टरांना यातले काहीही सांगायचे नाही, असेही दादाने बजावले होते. काही आठवड्यांत दाजींना सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठता आणि ग्लानी सुरू झाली. ताईला वाटले की आजारच वाढला. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील कॅल्शियम, जे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असावे लागते, १३ च्या पुढे गेले होते, मूत्रपिंडावर ताण आला होता आणि ते उतरेपर्यंत किमो लांबणीवर टाकावी लागली. दाजी त्या आजारातून उठले नाहीत.

दादा आजही चारचौघांत म्हणतो, “तुझ्याच संशोधनावर विश्वास ठेवून दिलं होतं.” त्याला माझे उत्तर असे की माझ्या बशीत कॅल्सिट्रायॉल १०० नॅनोमोलर होते आणि निरोगी माणसाच्या रक्तात ते सुमारे ०.१ नॅनोमोलर असते, म्हणजे हजारपट फरक. पुडीतल्या ड जीवनसत्त्वाला आधी यकृतातून आणि मग मूत्रपिंडातून जावे लागते आणि हा शेवटचा टप्पा शरीर घट्ट ताब्यात ठेवते. जायकवाडी कितीही भरली तरी कालव्याला दारातून सोडतील तेवढेच पाणी येते. थेट कॅल्सिट्रायॉल दिले तरी पेशींवर परिणाम दिसण्याइतकी मात्रा गाठण्याआधी कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाते. याच अडचणीमुळे हे औषध एएमएलच्या नेहमीच्या उपचारांत येऊ शकले नाही. मेडिकल चालवणाऱ्या माणसाला कॅल्शियमचा धोका ठाऊक नसतो हे मला मान्य नाही.

पेशी परिपक्व करून ल्युकेमिया बरा करण्याची कल्पना एका प्रकारात मात्र पूर्ण यशस्वी झाली आहे. एपीएल या एएमएलच्याच एका प्रकारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन अ जीवनसत्त्वाच्या कुळातील रेटिनॉइक आम्लाचा रिसेप्टरच बिघडतो, त्यामुळे अट्रा हे त्याच कुळातील औषध नेमक्या बिघाडावर काम करते. शांघायमधील डॉक्टरांनी १९८८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे आर्सेनिकच्या जोडीने या प्रकारातील बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरमध्ये असा बिघाड एएमएलचे मूळ नसतो. म्हणून काकांच्या अहवालात एपीएल किंवा टी (१५;१७), म्हणजे हीच अदलाबदल, असे लिहिले आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. पुड्या नसत्या तर दाजी वाचलेच असते असे मी म्हणत नाही. साठीनंतरचा एएमएल फार कठीण असतो. आणि काकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व खरोखर कमी असेल, जे आपल्याकडे एवढे ऊन असूनही सर्रास आढळते, तर डॉक्टर ते योग्य मात्रेत देतील आणि ते अवश्य घ्यावे. कोणी आधीच पुड्या सुरू केल्या असतील तर रिकामी पाकिटे घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि कॅल्शियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) तपासून घ्या.