हायड्राच्या बंदरात स्वतःच्या बोटीने मुक्काम करावा का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये जावयाच्या शिडाच्या बोटीने ग्रीसची बेटं फिरताना हायड्राला एक रात्र थांबावं, की गर्दीमुळे टाळावं. थांबा. फक्त शुक्रवार-शनिवार सोडा, कारण अथेन्स जवळ असल्याने तिथल्या बोटी सुट्टीला इकडेच येतात. आणि दुपारच्या आत पोचा.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. पाण्याशी संबंध सूरसागर तलावाच्या कठड्यापर्यंतच. पुतण्याच्या बोटीवर आठवडाभर राहिलो, तेवढीच माझी पुंजी. पण हायड्राचं बंदर बघून मला थेट दिवाळीतला मंगळबाजार आठवला. स्कूटर कशीबशी घुसवता येते हो, काढताना कळतं!

तिथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. समोर नांगर टाकायचा, साखळी सोडत उलटं मागे यायचं आणि बोटीची पाठ दोरांनी धक्क्याला बांधायची. बंदर एवढंसं. धक्का भरला की मागून आलेले तुमच्या पुढ्यात दुसरी रांग लावतात, कधी तिसरीही. आमच्या पुढच्या बोटीवरची मंडळी रात्री जेवून आली ती चपला हातात घेऊन, आमच्या डेकवरूनच. "कालिनिख्ता", म्हणजे शुभ रात्री, म्हणून गेली बिचारी.

सकाळी आमचा नांगर वर येईना. मोटर घरघरली आणि थांबली. बघतो तर आमच्या नांगरावर शेजारच्याची साखळी आडवी. पुतण्या शांत होता. त्याने नांगर हळूहळू पाण्याच्या वर घेतला, त्या परक्या साखळीखालून एक दोर घालून दोन्ही टोकं आमच्या बोटीला बांधली. साखळीचं वजन दोरावर आलं, मग नांगर थोडा खाली सोडून बाजूला सरकवला आणि शेवटी दोराचं एक टोक सोडून दिलं. साखळी धप्पकन खाली गेली. वीस मिनिटं. शेजारचे आजोबा तोवर कॉफी पीत होते. मी त्यांना भाकरवडीचा पुडा दिला, म्हटलं झोपमोड आमच्यामुळे. जावयांना हा दोराचा प्रकार आधी एकदा करून बघायला सांगाच.

दोन गोष्टी आम्ही चुका करून शिकलो. धक्क्यावर उतरायची फळी टेकवून ठेवू नका, अथेन्सच्या पिरेअस बंदराहून येणाऱ्या वेगवान फेरीबोटींच्या लाटांनी ती आपटते, आमची तडकली. आणि जोराचा उत्तरेचा वारा सांगितला असेल तर बंदरात शिरूच नका, तोंड तिकडेच आहे, रात्रभर हेलकावे खाल.

जागा मिळालीच नाही तर पूर्वेला मांद्राकीची खाडी आहे. तिथे नांगरून किनाऱ्याच्या वाटेने गावात चालत या. बेटावर मोटारी-स्कूटर चालवायला बंदी आहे, ओझं खेचरं वाहतात, त्यामुळे चालण्याचा त्रास वाटत नाही.

तारखा पक्क्या करताना एवढं बघा: जूनच्या उत्तरार्धात तिथे मियाऊलिया असतो. 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धातला आरमारप्रमुख आंद्रेआस मियाऊलिस याच्या नावाचा उत्सव, रात्री बंदरात एक नकली जहाज पेटवतात. बघायचं असेल तर बोट दुसरीकडे ठेवून फेरीने या.