पटावर ४६, गल्लीत किती?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत स्वच्छता विभागाच्या पटावर ४६ कामगार आहेत, घंटागाड्या ९. तरी दोन प्रभागांत गाडी तिसऱ्या दिवशी फिरकते. विभाग म्हणतो, माणसं कमी आहेत, नवी पदं द्या. ठरावाला पाठिंबा द्यावा का?
– एक नगरसेविका, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ठराव थोडा थांबू दे. आधी सलग सात दिवस सकाळी साडेसहाला हजेरी शेडवर एक माणूस बसवा आणि मस्टरवरच्या प्रत्येक नावापुढे एवढंच लिहून घ्या : आज हा कुठल्या बीटवर, म्हणजे सफाईसाठी नेमून दिलेल्या भागात, गेला? सही केली का, ते नको. सह्या सगळ्यांच्याच असतात. काही जण केबिनबाहेर स्टुलावर, एखादा जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर, एखादा पाण्याच्या टाकीवर सापडतो. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी द्यावी या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार लागलेली मुलं बरेचदा शिकलेली असतात. कार्यालय त्यांना ओढून घेतं, पद मात्र सफाई कामगाराचंच अडकून राहतं. यात मुलांचा दोष नाही. लिपिकाच्या रिकाम्या जागा झाडूच्या पदांतून भरल्या जातात, हा खरा घोळ.

मग रजेचं गणित मांडा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा आणि आजारपणाचे दहाएक दिवस वजा केले की २६५ उरतात. म्हणजे एक बीट रोज चालवायचा तर पटावर जवळपास १.४ माणसं हवीत. २८ बीट असतील तर ३९ माणसं. समजा ४६ पैकी ९ जण कार्यालयात अडकलेत, तर हातात ३७. तूट दोघांची, आणि ती नवी पदं न काढता भरून निघते. बदली कामगारांची वेगळी यादी नसली की मुकादम रोज सकाळी एका बीटचा माणूस उचलून दुसरीकडे टाकतो, आणि ज्या प्रभागातून तक्रार कमी येते तोच कायम उपाशी राहतो.

आता गाडीचा वेळ. सात तासांची पाळी म्हणजे ४२० मिनिटं. हजेरी आणि गाडी निघण्यात २५, विश्रांती ३०, कचरा डेपोच्या दोन फेऱ्या वजनकाट्यावरच्या रांगेसह १००. उरली २६५. बाजारपेठेत दाराला दार लागून असतं, घरामागे ४० सेकंद धरले तरी चारशेच्या जवळ घरं होतात. माडाच्या बागांमधून विखुरलेल्या वाडीत घरामागे दीड मिनिट जातं, तिथे पावणेदोनशेच. म्हणून गाड्यांना घरं समान वाटून देऊ नका, मिनिटं वाटून द्या.

पाखाडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या चढत्या वाटेवरच्या वस्तीचं, मात्र वेगळं. गाडी पायथ्याशी उभी राहते, घंटा वाजते, वरून बाई दोन बादल्या सांभाळत निसरड्या पायऱ्या उतरेपर्यंत गाडी वळणाआड गेलेली असते. दुसऱ्या दिवशी तोच कचरा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात. अशा ठिकाणी एक कामगार गाडीच्या अर्धा तास आधी पाठवून ओल्याची बादली आणि सुक्याचं पोतं खाली आणून ठेवायला सांगा.

डेपोच्या फेऱ्याही कमी करता येतात. सुका कचरा हलका पण फुगीर; त्याचा कप्पा वजनाआधीच भरतो आणि अर्ध्या रिकाम्या ओल्या कप्प्यासह गाडी डेपोकडे पळते. ओला रोज, सुका आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी वेगळ्या गाडीने, असं करा.

प्रश्न : ठेकेदाराचं बिल टनावर आहे. पावसाळ्यात ते फुगतं, आणि गाड्याही तेव्हाच बंद पडतात. काय करावं?
– स्वच्छता निरीक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : टनावर पैसे दिले की पाणी, चिऱ्याचा चुरा, नारळाची सोडणं सगळंच सोन्याच्या भावाने तोललं जातं. बिल घरांच्या व्याप्तीवर आणि पूर्ण झालेल्या फेऱ्यांवर बांधा; वजनाची नोंद ठेवा, पण डेपोच्या नियोजनापुरती.

गाड्यांचं कारण साधं आहे. कचऱ्याचं आंबट पाणी आणि खारी हवा मिळून हौद्याचा तळ सांध्यांपासून कुजवतात, आणि हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा गंजला की सील फाटून तेल गळतं. हौद्याखालची पाणी सोडायची तोटी गाळाने बुजलेली असते, ती रोज मोकळी करा. पाळी संपली की गोड्या पाण्याने गाडी आतून-खालून धुवा, खाऱ्या विहिरीच्या पाण्याने नको. बिजागऱ्यांना आठवड्याला ग्रीस. वर ताडपत्री बांधलेली असेल तर वजन आणि गळती दोन्ही कमी. दहा गाड्यांमागे एक राखीव नसेल तर एक बिघाड आठवडाभर सगळं वेळापत्रक मोडतो.

प्रश्न : गणपतीत चाकरमानी येतात, कचरा दुपटीने वाढतो. कामगारांच्या रजा रद्द कराव्या का?
– नगरपंचायत सदस्य

उत्तर : नको. त्यांच्याही घरी गणपती असतो. रजा रद्द केली तर दांडी वाढते. दुपारी दीडनंतर गाड्या उभ्याच असतात, अडतं ते चालकापाशी. दोन महिने आधी हंगामी चालकांची यादी करून त्यांचे परवाने तपासा आणि गाड्या दुसऱ्या पाळीत चालवा. दीड दिवस, पाच दिवस, गौरी-गणपती आणि अनंत चतुर्दशीला निर्माल्याची गाडी विसर्जन घाटावर वेगळी उभी ठेवा. निर्माल्य ओल्या कचऱ्यात मिसळलं की हार-दोऱ्यांचा गुंता श्रेडरच्या (कचरा बारीक करणाऱ्या यंत्राच्या) पात्याला बसतो आणि ऐन गर्दीत डेपोचं यंत्र बंद.