एजंट म्हणतो, डिस्चार्ज कार्डावरचा कोड बदलून आणा

सेलूच्या एका ताईंचा प्रश्न: यजमानांच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरच्या खासगी दवाखान्यात झालं. मेडिक्लेम १४ महिन्यांपूर्वीचा. डिस्चार्ज कार्डावर ‘के८०.२’ हा आजाराचा कोड पाहून कंपनीनं ‘पित्ताशयातील खड्यांना २४ महिन्यांची प्रतीक्षा मुदत’ (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) सांगत क्लेम नाकारला. बायोप्सीत मात्र खडा नाही, तीव्र दाह लिहिलाय. कोड बदलून घ्यावा का?

ताई, एजंटाचं अर्धंच ऐका. के८०.२ म्हणजे पिशवीत खडे आहेत, पण दाह नाही. तुमच्या बायोप्सीत नेमकं उलटं आहे, त्याला के८१.० लागतो. हा आकडा पुष्कळदा बिलिंगच्या टेबलावर टाकला जातो, सर्जन तो बघतही नाहीत. खरी चूक दुरुस्त करून घेण्यात गैर काही नाही. पण मागच्या तारखेचं नवं कार्ड मुळीच नको. सर्जनच्या सहीचं, आजच्या तारखेचं दुरुस्तीपत्र घ्या. सोबत सोनोग्राफी, ऑपरेशन नोट, बायोप्सीच्या नकला लेखी अर्जानं मागा. ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सोनोग्राफीत खडा दिसला असेल, तर मात्र आधी सर्जनना गाठा. खरोखर खडे असतील तर के८१ बसतच नाही, आणि तरी बसवलात तर ती फसवणूक.

आता पॉलिसी काढा. प्रतीक्षा मुदतीच्या यादीत फक्त ‘खडे’ आहेत की ‘खडे व पित्ताशयाचा दाह’? दुसरं असेल तर कोड बदलूनही हाती काही लागायचं नाही, हे आताच सांगतो. अशा वेळी एकच वाट: यजमानांची आधीची पॉलिसी खंड न पडता पोर्ट केलेली (म्हणजे दुसऱ्या कंपनीतून इकडे आणलेली) असेल, तर मागची वर्षं मुदतीत मोजली जातात.

फक्त ‘खडे’ असेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर पुण्याचे विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी); परभणी जिल्हा त्यांच्याच कक्षेत येतो. फी नाही, वकील चालत नाही (आमचं नुकसान, तुमचा फायदा). मुदत या तक्रारीवरच्या नकारापासून १ वर्ष. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधतो, तुम्हाला नाही. पटला नाही तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच, तिथे मुदत २ वर्षं. उलटा क्रम नको: आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत.